उस्मानभाईंचं बारीक पाखरू

नारायणगावच्या स्टँडवर मी तलाठ्याची नक्कल करून चहावाल्याला हसवत होतो. जुन्नरहून आलेल्या गाडीतून उतरलेला एक ओळखीचा म्हणाला, "उस्मानभाई गेले." नक्कल तोंडातच राहिली...

उस्मानभाई जुन्नरचे बागवान. आमच्या राजुरीची बोरं दर थंडीत तेच विकत घेत. निम्मी किडकी निघायची. झाडावरचं आपलं, पडलेलं झाडाचं, अशी आमची जुनी रीत. खाली पडलेलं बोर कुणी उचलत नसे. उस्मानभाई तेवढे वाकून चार-दोन वेचत आणि कपाळावर हात मारत. "पडल्या बोरातनंच अळी मातीत उतरती, राव! तिथं कोष करती, पाखरू व्हती अन् पुन्हा बोरावर अंडी घालती. तुमी वाटा झाडाला देताय का किडीला?" कुणालाच पटेना. मग त्यांनी बरणीत माती घातली, वर किडकी बोरं ठेवली, तोंडाला मलमल बांधली. "पाखरू निघालं की पारावर दावतो. मग तरी वेचाल ना?"

पाखरू निघालं. त्या सकाळी बरणी माझ्या ओसरीवर ठेवून ते गावाला बोलवायला गेले, आणि मला गंमत सुचली. आतलं तांदळाच्या दाण्याएवढं राखी पाखरू मी उडवून दिलं आणि लिंबावरचं तळहाताएवढं फुलपाखरू आत सोडलं.

पारावर मलमल सुटली. "बागवान, हे बोरातनं निघालं का भोपळ्यातनं?" कुणीतरी ओरडलं. पार नुसता लोळला. उस्मानभाई बरणीकडे बघत राहिले. "हे माझं न्हाई," एवढंच बोलले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

पुढं किडीला कंटाळून लोकांनी बोरी तोडून सरपण केलं. माझ्या तीन तेवढ्या उरल्या. भेटले की उस्मानभाई म्हणायचे, "एखादा किस्सा व्हऊ द्या." मी हा सोडून सगळे सांगितले...

जुन्नरला भेटायला गेलो तर भाभींनी तीच बरणी पुढं केली. आत माती, सुकलेली बोरं. "दर थंडीला भरायचे. राजुरीकरांना एकदा दावायचंच, म्हनायचे."

बरणी मी घरी आणली. आठ दिवसांनी मलमलीला एक राखी ठिपका चिकटलेला दिसला. बरणी घेऊन पारावर गेलो. "तवा फुलपाखरू मी घातलं व्हतं. उस्मानभाई खरं बोलत व्हते. हे बघा." सगळे बरणीवर वाकले. मग कुणीतरी म्हणालं, "भाऊ, आवंदा लई बारीक आणलंत राव!" आणि पार पुन्हा लोळला.

आता रोज सकाळी मी माझ्या तीन बोरींखाली वाकून पडलेली बोरं वेचतो. जाणारे-येणारे विचारतात, "भाऊ, ही कुनाची नक्कल?"

"उस्मानभाईंची," मी सांगतो.