एक सन्माननीय सदस्य

मौनीबाबा हे नाव त्यांना कचेरीनंच ठेवलं होतं. सभागृहात अध्यक्षांच्या पुढ्यातल्या टेबलाशी बसून खासदारांची भाषणं लघुलिपीत उतरवायची, हे त्यांचं काम. दुसऱ्यांचं बोलणं टिपता टिपता स्वतःची जीभ गंजली. बायको गेल्यापासून घरातही बोलायला कुणी नाही. रविवारी सीमेपलीकडून ताईचा फोन यायचा, तेवढाच काय तो आवाज.

खासदारांत त्यांचे लाडके म्हणजे ‘जाबवाले’. सरकार कुणाचंही असो, हा गडी प्रत्येक खात्याला जाब विचारायचा, भल्याभल्यांना घाम फोडायचा. फक्त शेजारच्या देशावरच्या आर्थिक निर्बंधांचा विषय निघाला, की ते आवळायला सरकारच्याही दोन पावलं पुढे.

निर्बंध आल्यापासून ताईला दम्याचा पंप मिळेना. मौनीबाबांनी पाठवलेली पार्सलं परत आली.

“अरे, तू त्यांच्यातच बसतोस ना?” ताई धापा टाकत म्हणाली. “सांग की कुणाला तरी!”

सांगणार कसं? टेबलावरच्या माणसानं तोंड उघडायचं नसतं.

त्या दिवशी पाळी संपवून ते उठत होते, जोडीच्या बाईंनी लिहायला घेतलं होतं. जाबवाले गरजले, “औषधांना सूट आहे! एका तरी माणसाचं औषध अडलंय, असं दाखवा मला!”

“माझ्या ताईचं,” मौनीबाबा बोलून गेले.

कोण बोललं, कोण बोललं, म्हणून बाकांवर एकच गलका. बाईंनी मानही वर केली नाही. आवाज ओळखला नाही की जे लिहायचं असतं, तेच लिहिलं : ‘एक सन्माननीय सदस्य’. वीस वर्षं कचेरीत शेजारी बसत होत्या बाई! मौनीबाबांना ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी जाबवाले छापील कामकाज घेऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला. “निर्बंध घातले म्हणून त्यांच्या अंमलावर देखरेख नको असं होत नाही. माझं चुकलं. ज्यांची ताई आहे त्यांनी उभं राहावं, मंत्र्यांकडून आत्ताच शब्द घेतो.”

मौनीबाबा लिहिता लिहिता थांबले. उभे राहिले.

टेबलावरचा माणूस उठला म्हणजे पाळी बदलली, हे तिथलं गणित. बाई लगबगीनं येऊन खुर्चीत बसल्या. जाबवाल्यांची नजर मौनीबाबांच्या डोक्यावरून मागच्या बाकांवर फिरून आली.

“म्हणजे कुणीच उभं राहत नाही,” ते म्हणाले, आणि बाईंनी तसं लिहून घेतलं.