बिनगाठीचं दुपटं

नोआचे ओठ निळे पडले होते आणि दुपटं सुटत नव्हतं.

आठ महिन्यांचं पोर, माझी नात, माझ्याच मांडीवर. दुपट्याला ना नाडी, ना पिन. नुसतं गुंडाळलेलं – डावी बाजू उजवीकडे, उजवी डावीकडे आणि खालचं टोक पायांखाली दुमडलेलं. गुंडाळलेलं कापड उलगडायला अक्कल लागत नाही. पण मी दोन्ही हातांनी ओढत होते आणि ते बोटभरही सैल होत नव्हतं. उलट घट्ट होत होतं. पोर रडायची थांबली होती. रडायला आत हवा तर जायला पाहिजे...

या सदरात लोक लिहितात ते मी वाचते आणि बहुतेकदा हसते. कुणाला बाई दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात. मी तीस वर्षं वाळवंटाकडच्या ओफाकिम गावात आम्हा यहुद्यांच्या मेलेल्या बायकांची कफनं शिवली. शेकड्यांनी मुडदे पाहिले, एकही उठून बसला नाही. मेलं ते मेलं, असं माझं मत. शिक्षण रेवदंड्याला चौथीपर्यंत, पण डोकं ठिकाणावर आहे. डोळेही तेव्हा बरे होते.

वर्ष १९९६. हनुकाची, आमच्या दिव्यांच्या सणाची सुट्टी, सकाळचे अकरा वाजले असतील, स्वच्छ ऊन. माझा मुलगा रूबेन अश्केलोनला कारखान्यात काम करतो. तो, त्याची बायको सिगाल आणि नोआ सकाळी ओफाकिमला आले, मला गाडीत घातलं आणि आम्ही मृत समुद्राकडे निघालो. मी चपात्या, बटाट्याची भाजी आणि उकडलेली अंडी घेतली होती. सिगाल मोरोक्कोवाल्यांची मुलगी, तिला मराठीचं अक्षर कळत नाही, पण भाजी पुसून खाते. अरादला चहाला थांबलो. तिथे वारा असा की कान दुखायला लागले. पोर गारठली म्हणून मी पिशवीतून नवं दुपटं काढलं. आदल्या दिवशीच पुरं केलं होतं. सिगालनं हात फिरवून पाहिलं, हिब्रूत छान छान म्हणाली. नोआला गाडीतल्या तिच्या खुर्चीत बसवलं तर किंचाळायला लागली, म्हणून मी गुंडाळून मांडीवर घेतली. चूक होती, पण तेव्हा सगळेच घ्यायचे.

आता दुपट्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

कफनाच्या शिवणीला आमच्यात गाठ मारत नाहीत. धाग्याच्या सुरुवातीला नाही आणि शेवटीही नाही. नुसता धावदोरा घालायचा आणि दोरा तसाच सोडायचा. तीस वर्षं तेच केल्यावर हाताला गाठ मारायची सवय राहत नाही. नातीचं दुपटं शिवलं तेही बिनगाठीचं शिवलं गेलं. पुरं झाल्यावर लक्षात आलं. म्हटलं, दोनदा धुतलं की टाके सुटतील, तेव्हा बघू.

ही एक चूक. दुसरी गोष्ट चूक नव्हती, ती मी जाणून केली.

दुपट्याला वरून माझं जुनं हिरवं लुगडं होतं, मध्ये रूबेनचे विरलेले शर्ट आणि खाली पांढरं कोरं सुती कापड. ते पांढरं कफनाचं होतं. माझ्या थोरल्या जावेच्या.

शेगुलावैनी. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी मेली. बाई उंच, पुरुषासारखी. मी तिच्या खांद्याला लागायचे. आमचं चाळीस वर्षं पटलं नाही. माझ्या शिवणीला ती म्हणायची, "मिल्के, हा टाका आहे की चिखलातून कोंबडी गेली?" चार माणसांत म्हणायची आणि मग स्वतःच हसायची. मी गिरणीत पाळ्या करायचे तेव्हा रूबेनला तिनं सांभाळला. त्याबद्दल तिचे उपकार. पण तो तिला मोठी आई म्हणायला शिकला आणि मला नुसती आई. हे तिनं शिकवलं, आपोआप नाही झालं. थंडीत तिचे पाय नेहमी गार असायचे. दोन-दोन मोजे घालून रूबेनला म्हणायची, बाळा, पाय चेप. आणि तो चेपायचा. माझे पाय त्यानं कधी चेपले नाहीत.

ती मेली तेव्हा तयार कफनं तिला आखूड पडणार होती. कबरस्तानच्या मंडळानं माझ्याकडे जास्तीचं कापड पाठवलं, हिच्या मापाचं शिवा म्हणून. मी नेहमीच्याच मापाचं शिवलं. उरलेला दीड हात परत करायचा असतो. मी ट्रंकेत ठेवला. कापड चांगलं होतं... आणि खरं सांगायचं तर मनात आलं, उभी होती तोवर माझ्या डोक्यावरून बोलली, आडवी झाल्यावर वीतभर कमी पडलं तर काय बिघडलं. कफन नेसवणाऱ्या बायका नंतर म्हणाल्या, मिल्काबाय, पाय झाकेनात, खूप ओढलं, शेवटी तसंच केलं. मी म्हटलं, कापडच आलं नव्हतं तेवढं.

तर गाडीत.

अरादपासून रस्ता खाली उतरतो. वळणं वळणं, कानांत दडे बसतात. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर मला वाटलं, दुपट्याचं पायाकडचं टोक कुणीतरी ओढलं. पाहिलं तर कुणी नाही. रूबेन गाडी चालवत होता, सिगाल त्याच्या शेजारी पुढे. मागे मी आणि पोर. पुन्हा ओढ आली. हिसका नव्हे – आपण झोपेत आखूड पांघरूण पायांनी खाली ओढतो ना, तशी. थोडं थोडं, चिकाटीनं. आणि पोरीच्या छातीवरच्या टाक्यांना चुण्या पडायला लागल्या.

शिवणारीला हे लगेच कळेल, बाकीच्यांना सांगते. धावदोऱ्याचं एक टोक ओढलं की चुण्या पडतात, पण कधी? दुसऱ्या टोकाला गाठ असेल तेव्हा. गाठ नसेल तर दोरा नुसता निसटून हातात येतो. माझ्या दुपट्याला एकही गाठ नव्हती. म्हणजे खालून ओढणारं कुणी होतं आणि वर दुसरं टोक धरून ठेवणारंही कुणी होतं.

मी दोरा नखानं उचकटला. तारेसारखा ताठ झाला होता. दातांनी तोडायला गेले, दात हलला, दोरा तुटला नाही. पायाकडची बाजू हाताला लागली ती बर्फासारखी. वरची बाजू पोरीच्या अंगानं गरम. मी रूबेनला थांब म्हटलं. त्यानं गाडी कडेला घातली. सिगाल मागचं दार उघडून आली, पोरीकडे पाहिलं आणि "मा कारा, मा कारा" करत तीही ओढायला लागली. काय झालं, काय झालं. रूबेननं फळं कापायची सुरी आणली. सुरी कापडावरून घसरली आणि त्याचाच अंगठा कापला. दुपट्याला ओरखडा नाही. नोआचे डोळे वर गेले.

मला तेव्हा भीती नाही वाटली, राग आला. कारण ही ओढ मी ओळखली. माझ्याशी भांडण होतं तर मला धरायचं होतं, माझा गळा रिकामाच होता. पोरीनं काय केलं होतं? पण तिचं नेहमीच तसं. मला जिथे लागेल तिथेच मारायची.

बोलले तर रूबेनला कळणार, हे मला ठाऊक होतं. मुलगा जाणार. नाही बोलले तर पोर जाणार. हिशेब करायला वेळ नव्हता.

मी मराठीत मोठ्यानं म्हटलं, "वैनी, कापड तुझंच आहे. मी कापून ठेवलं. तुझे पाय मी उघडे ठेवले. घे तुझं आणि पोरीला सोड."

माफी मागितली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

ओढ थांबली. दुपटं तिन्ही थरांनी आपोआप सुटलं – लुगडं एकीकडे, शर्ट एकीकडे, पांढरं खाली. नोआनं श्वास घेतला. इतका मोठा श्वास एवढ्याशा पोराला येतो हे मला माहीत नव्हतं. मग रडली. सिगालनं तिला उचलली आणि रस्त्यावरच बसली.

रूबेन माझ्याकडे बघत होता. अंगठ्यातून रक्त गळत होतं. म्हणाला, "आई, मोठ्या आईचं कापड चोरलंस?"

मी हो म्हटलं.

सिगालनं त्याला विचारलं, सावता काय म्हणाली? सावता म्हणजे आजी, मला घरात सगळे तेच म्हणतात. रूबेननं अंगठा शर्टात गुंडाळला. मग हिब्रूत म्हणाला, प्रार्थना केली तिनं.

समुद्र राहिला. अरादला परत वर जाऊन डॉक्टरला दाखवलं. पोरीच्या छातीभोवती बारीक लाल ठिपके उठले होते, ओळीनं, सारख्या अंतरावर. डॉक्टरनं ऍलर्जी लिहिली. गाडीत आम्ही दोरा शोधला. त्या दुपट्यात निदान चाळीस ओळी होत्या, म्हणजे केवढा दोरा. वीतभरही मिळाला नाही. कापडाला नुसती सुईची भोकं. दुसऱ्या दिवशी रूबेननं पांढरं कापड एकट्यानं नेलं आणि वैनीच्या कबरीच्या पायथ्याशी पुरलं. मला ये म्हणाला नाही.

नंतर मी घरी तसंच कापड आणि तोच दोरा घेऊन बिनगाठीचा टाका घालून पाहिला. वीस वेळा तरी. वीसही वेळा दोरा निसटून हातात आला. गिरणीतल्या जुन्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, दाखवला. तो म्हणाला, म्हातारे, गाठ असणार, तू विसरलीस. मी काही विसरले नाही. यापलीकडे कुणी मला काही सांगू शकलेलं नाही आणि मलाही सुचलेलं नाही.

नोआ आता बारा वर्षांची आहे. ठिपके गेले नाहीत. ती अंगावर पांघरूण घेत नाही, हिवाळ्यातही. अश्केलोनला रॉकेटचा भोंगा वाजतो आणि सगळे जाड भिंतीच्या खोलीत धावतात तेव्हा सिगाल तिच्यावर चादर टाकते, ती फेकून देते. तिला आम्ही काही सांगितलेलं नाही.

सिगाल अजून सगळ्यांना सांगते, सासूच्या प्रार्थनेनं माझी मुलगी वाचली. सणाला माझा हात ओठांना लावते. रूबेन दर शुक्रवारी फोन करतो, तब्येत विचारतो आणि ठेवतो. त्या दिवसापासून मला आई म्हणत नाही. मुलांच्या देखत सावता म्हणतो, एरवी काहीच नाही.

गाडीत आम्ही चौघं होतो. चौघंही जिवंत आहोत.