रोडग्याचा पहिला घास

आमचं कुलदैवत खंडोबा. नर्स होऊन जिंतूरकडच्या एका लहान दवाखान्यात निघाले, तेव्हा आईने देवाचा चांदीचा टाक माझ्या हातात दिला होता. रोज ड्यूटीवर जाण्याआधी मी त्याला भंडारा वाहत असे. पण ही गोष्ट घडली तेव्हा तो टाक ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी पडून वर्ष होत आलं होतं. आदल्या वर्षी विषमज्वराची एक नवी नवरी आमच्याकडे होती. ताप उतरला, पोरीला भूक लागली, आणि तिच्या आईने पदराआडून तिला भाकरीचा तुकडा भरवला. ते मी पाहिलं. या तापात आतडं ओल्या कागदासारखं होतं, घट्ट अन्न गेलं तर फाटतं, हे मला चांगलं शिकवलेलं होतं. तरी आईचं काळीज म्हणून मी तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी पोरगी गेली. मला कुणी बोल लावला नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं. देवाला ठाऊक होतं, म्हणून त्याच्यासमोर जायला मला तोंड उरलं नाही.

तेव्हापासून मी कडक झाले. खाटेखालची गाठोडी सोडून बघायची, नातेवाइकांना व्हरांड्यात काढायची. निजामी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. "राज्य बदललं, पण आमची जमादारीण हाय तिथंच हाय," असं एक म्हातारा माझ्या पाठीमागे म्हणाला, ते ऐकून मला हसू आलं आणि थोडं बरंही वाटलं. मला भ्यायले तर निदान जगतील तरी, असं मी मनाशी म्हणत असे.

त्या मार्गशीर्षात किसनराव नावाचे एक शेतकरी आमच्याकडे होते. तीन आठवडे तापाने भाजून निघाले होते, आणि दोन दिवसांपूर्वी ताप उतरला होता. खरी भीती तेव्हाच असते. पेजेच्या पाण्यावर ठेवलेला माणूस भुकेने कासावीस झाला होता आणि मी दिसले की भाकरी मागत होता. डॉक्टरसाहेब देवीची लस टोचायला देवगाव फाट्याकडे गेलेले. व्हरांड्यात सकाळपासून जखमा बांधून घेणाऱ्यांची रांग होती. अशात किसनरावांची बायको सगुणाबाई बैलगाडीतून उतरली. डोक्यावर टोपली, टोपलीत बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत आणि पातीचा कांदा. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आज चंपाषष्ठी. घरचा देव खंडोबा असून माझ्या ते लक्षातही नव्हतं.

मी दारातच तिला अडवलं. तिने भांडण केलं नाही, तेच मला जड गेलं. ती म्हणाली, "बाई, सहा दिस मी उपाशी हाय. आमच्यात मालकानं पहिला घास घेतल्याबिगर घरात कुणी तोंडात कायी घालीत न्हाई. देवाचं हाय, एवढासा तुकडा. देवाला न्हाई म्हणू नका." आतून किसनराव क्षीण आवाजात म्हणाले, "येऊ द्या तिला." मी टोपलीवर हात ठेवून उभी राहिले. नाही म्हणावं तर देवाचा नैवेद्य परतवते, हो म्हणावं तर पुन्हा तीच नवरी डोळ्यांसमोर. वर्षभरात पहिल्यांदा मी मनात देवाशी बोलले. म्हटलं, माझ्याच्याने होत नाही. नैवेद्य तुझा आहे, तूच काय ते बघ.

"वैनी, चंपाषष्ठीला पहिला रोडगा कुणाला घालतेत?" रांगेतून आवाज आला.

सकाळीच मी ज्याला "नंबर येईल तेव्हा बोलवीन, गप बसा" म्हणून झिडकारलं होतं, तो म्हातारा वाघ्या होता. खांद्यावर कांबळं, गळ्यात भंडाऱ्याची पिशवी, टाचेला चिंधी गुंडाळलेली. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतात. त्याने भिक्षेचं लाकडी पात्र, कोटंबा, पुढे केला.

"देवाच्या कुत्र्याला," सगुणाबाई म्हणाली.

"मग वाढ की. मालकाला भंडारा लाव, त्याचा घास देवापाशी ठिव. उठून बसला की एखाद्या ऐतवारी खाईल. देव थांबतो, वैनी. कुत्र्याला भूक लागलीय."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सगळी टोपली कोटंब्यात रिकामी केली. एक रोडगा त्याने तिलाच परत दिला आणि तिचा उपवास सोडवला. किसनरावांच्या कपाळाला भंडारा लागला, तेव्हा सगळ्या वॉर्डाने "येळकोट येळकोट" केलं. त्यात माझाही आवाज होता.

म्हाताऱ्याचं जेवण झाल्यावर मी त्याची टाच धुतली, आतला बाभळीचा काटा काढला. पट्टी बांधता बांधता, का कोण जाणे, मान खाली घालून त्याला त्या नवरीचं सांगून टाकलं. तो म्हणाला, "आज न्हाई म्हणलाव न्हवं, बाई?" दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला या म्हणून मी त्याला बजावलं होतं. तो आला नाही. पुढेही कधी दिसला नाही.

तो कोण होता, याचा काथ्याकूट मी करत नाही. पाय दुखणारा एक माणूस होता, एवढं मला पुरे आहे. पण ज्याला मी वर्षभर तोंड दाखवत नव्हते, त्याच्याकडून मदत आली ती मीच झिडकारून बसवलेल्या माणसाच्या तोंडून, हे आठवलं की आजही मान खाली जाते आणि मन भरून येतं.

काही आठवड्यांनी, एका रविवारी, डॉक्टरांच्या परवानगीने किसनरावांनी दुधात कुस्करलेला रोडगा खाल्ला. चवीने, डोळे मिटून. मग सगुणाबाईने दुसरा घास माझ्यापुढे धरला. "घ्या, बाई," ती म्हणाली, "तुमी बी लय दिसाच्या उपाशी दिसायलाव."

घरी येऊन मी ट्रंक उघडली. टाक काळा पडला होता. चिंचेने घासला तसा उजळला. देव थांबला होता.