विहिणीला म्हटलेला शब्द

संकेत नोकरीसाठी जपानला गेला, तेव्हा त्याचा व्हिडिओ गेम झाशीच्या घरीच राहिला. त्याची आई भानुमतीबाई बडा बाजारात साड्यांना फॉल-पिको करून देत. दुपारी घरी जेवायला आल्या आणि यजमान सुभाषचंद्र आडवे झाले, की त्या आवाज बारीक करून गेम लावत. नवऱ्याला त्यांनी सांगितलं नव्हतं. ह्या वयात तलवारीचा खेळ, काय सांगणार?

पण संकेतचं लग्न मियू नावाच्या जपानी मुलीशी ठरलं होतं. विहिणीशी आपण चार शब्द तरी बोलावेत, असं त्यांना फार वाटे. गेममधले लढवय्ये जपानीत बोलत आणि खाली इंग्रजीत अर्थ येई. ‘मिझु’ म्हणजे पाणी, ‘हाशि’ म्हणजे पूल. ‘किसामा’खाली नुसतं ‘यू’ येई. नोकर आपल्या सरदाराला ‘तोनोसामा’ म्हणत, म्हणजे ‘सामा’ आपल्या ‘जी’सारखं असणार आणि ‘किसामा’ म्हणजे ‘तुम्ही’, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मियूच्या घरून संकेतचा पहिला व्हिडिओ कॉल आला. नमस्कार झाले. भानुमतीबाईंनी पदर सावरला आणि विहिणीकडे बघून ठसक्यात म्हणाल्या, “किसामा, गेन्की का?” तुम्ही बऱ्या आहात ना, असं त्यांना विचारायचं होतं.

विहिणीचं हसू तिथेच थांबलं. मियूने मान खाली घातली.

“आई, रुको!” संकेत घाईने म्हणाला. तो जपानीत काहीतरी पुटपुटला आणि कॉल बंद झाला.

थोड्या वेळाने त्याचा एकट्याचा फोन आला. “आई, ‘किसामा’ ही शिवी आहे गं. शत्रूला म्हणतात. तू कुठून शिकलीस?”

भानुमतीबाईंनी फोन ठेवून दिला. पूर्वी पुण्याचे पाहुणे त्यांच्या झाशीतल्या मराठीला हसले होते, तेव्हा निदान रागावता आलं होतं. आज कोणी हसलंही नव्हतं.

त्यानंतर कॉल आला की त्या स्वयंपाकघरात जात. “सांगा, हात पिठात आहेत,” असं नवऱ्याला म्हणत. तिकडे संकेतने ‘आईला नीट ऐकू येत नाही’ अशी थाप मारली होती. हे कळलं तेव्हा मात्र त्या उठल्या. आपल्यापायी पोराने खोटं बोलावं?

पुढच्या कॉलला त्या समोर बसल्या. सुभाषचंद्रही शेजारीच होते. “मी सांगते ते जसंच्या तसं सांग,” त्या संकेतला म्हणाल्या. “मला छान ऐकू येतं. तो शब्द मी गेममधून उचलला. मी रोज खेळते. चुकलं माझं.”

सुभाषचंद्र बघतच राहिले. विहीण तोंडावर हात ठेवून हसली आणि काही बोलली.

“आई, त्या म्हणतात, त्यांना आजवर घरात असं कोणी म्हटलं नव्हतं. आणि तुझं ‘गेन्की का’ विचारणं त्यांना पोचलं.”

भानुमतीबाईही हसल्या, पण कान तापलेलेच होते. लग्नासाठी विहीण झाशी स्टेशनवर उतरली, तेव्हा त्यांनी पुढे होऊन हात जोडले आणि आधी संकेतकडे पाहिलं.

“बोल ना, आई,” तो म्हणाला.

“तूच बोल आधी,” त्या म्हणाल्या.