रविवारपर्यंत थांबवलेली कुत्री

तुमच्या कुत्र्याच्या तोंडावर चट्टे उठले, तर तुम्ही आधी त्याला बघाल, की गुन्हेगार कोण ते शोधाल?

मी गुन्हेगार शोधला. तोही दोन मिनिटांत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही बोईसरजवळच्या दांडी गावात, खाडीकाठी राहायचो. आई बोंबील वाळत घालायची आणि आमची तांबूस कुत्री त्यावर कावळा बसू द्यायची नाही. एका महिन्यात तिच्या डोळ्यांभोवतीचे, ओठांजवळचे केस झडले. कातडी लाल झाली, खपल्या धरल्या. किनाऱ्यावर ओढलेल्या होडीला ती तोंड घासायची, रक्त येईपर्यंत.

मी कॉलेजात होते. शाळेच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं वाचायला शिकलेली मुलगी. कारखान्यांचं सांडपाणी खाडीत येतं, कुत्री खाडीवर फिरते. मला आणखी पुरावा नको होता. रविवारी बोईसरला या सांडपाण्याविरुद्ध सभा होती. तिला तिथे न्यायचं मी ठरवलं.

"अगो, बोईसरला गुरांचा दवाखाना हाय ना? उद्याच ने तिला," आई म्हणाली.

"मलम लावून चट्टे बुजले, तर लोकांना दाखवू काय?"

"म्हंजे ती तुझा पोस्टर हाय?"

"चार दिवसांचा प्रश्न आहे, आई."

"खाज तुला नाय सुटली ना, म्हणून चार दिवस."

गुरुवारी आईला तिचं घासणं बघवेना. आमच्याकडे खरूज झालेल्या कुत्र्याला बोटीच्या इंजिनाचं जळकं ऑइल फासतात. मी लहानपणापासून बघत आले होते. आईने चिंधी बुडवून तिचं तोंड माखलं. मी दारात पत्रक दुरुस्त करत बसले होते. मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

शनिवारी ती काळपट ओकू लागली. मासळीच्या टेम्पोतून आम्ही दोघींनी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

"खरजेचे किडे आहेत. वेळेवर औषध झालं असतं तर हळूहळू केस आले असते. पण हे ऑइल कोणी लावलं? तोंडावरचं ती चाटणारच ना."

"आईने," मी म्हटलं.

आई बाजूलाच उभी होती. "मीच लावला," ती म्हणाली. दवाखान्यात नेणं मी रविवारपर्यंत थांबवलं होतं, हे तिने सांगितलं नाही. मीही नाही.

रविवारी सकाळी कुत्री गेली. मी सभेला गेले नाही. छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा घरात पडून राहिला. सगळ्यात वर ओळ होती, 'सांडपाण्याचा पहिला बळी'. खाडीत घाण येत होती, ते खरंच होतं. तिच्या तोंडावरून मी जे वाचलं, ते खोटं होतं. आई पुढे कितीतरी दिवस साबणाने हात धुऊन हुंगून बघायची. आजवर मी तिची माफी मागू शकलेले नाही.

म्हणून एवढंच करा. कुत्र्याचं तोंड लाल दिसलं, तर ऑइल, रॉकेल, फिनेल काही लावू नका. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने हळूच पुसा, कोरडं करा, खाजवू देऊ नका, आपले हात धुवा. आणि त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्या. कारण काय ते डॉक्टरांना बघू द्या. तुम्ही फक्त निघा.