पावणं नावाचं खातं

ती परत आली त्या दिवशी तिच्या गळ्यात बाहेरच्या माणसाला देतात तो निळा पट्टा होता, आणि तरीही फाटकावरच्या वॉचमननं उठून तिला सलाम ठोकला. मी तिच्या मागूनच मोटारसायकल ढकलत आत येत होतो. मला बघून तो खाली बसला. शिरोली एमआयडीसीतल्या त्या फौंड्रीत कॉम्प्युटर आले तेव्हापासून मी आहे. माझ्यासाठी तो कधी उठल्याचं मला आठवत नाही.

ती म्हणजे पूर्वी माझ्या हाताखाली होती ती मुलगी. मंगळवार पेठेतली. कॉलेज संपवून थेट आमच्याकडं आली, नेटवर्कची केबल सोलून तिच्या टोकाला क्लिप दाबायला माझ्याकडं शिकली, दोन वर्षं राहिली आणि पुण्याला गेली. जाताना पेढे वाटले होते. मीही खाल्ला होता, आणि तेव्हाच तो घशाखाली नीट उतरला नव्हता. आता ती पुण्याच्या एका कंपनीकडून आमचं डोमेन बदलायला आली होती. आमचं कसलं, माझं. ते मी उभं केलं होतं.

डोमेन म्हणजे काय, हे मी बायकोला अनेकदा समजावलंय. गाव समजा. गावात घरं असतात, माणसं असतात, कुणाला कुठल्या दारातून आत जाता येतं याची रीत असते. कंपनीतला प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक प्रिंटर आणि प्रत्येक माणूस त्या गावात नोंदलेला असतो, आणि एक सर्व्हर पाटलासारखा सगळ्यांवर लक्ष ठेवतो. बायको म्हणाली, मग तुम्ही कोण? मी म्हटलं, पाटील ज्याचं ऐकतो तो.

गाव हलवायची वेळ आली ती वाटणीमुळं. मालक दोघे भाऊ. फौंड्री धाकट्याकडं आली, पण कंपनीचं जुनं नाव थोरल्यानं नेलं. ते नाव तर सगळ्या नेटवर्कभर पसरलेलं. पाटी उतरवून नवी टांगावी तसं हे होत नाही. शेजारी नवं गाव वसवायचं, आणि जुन्यातली माणसं सामानसुमानासकट एकेक घर करून तिकडं न्यायची, तेही भट्टी चालू ठेवून. मी राधानगरीकडचा. आमच्या भागात धरणात उठलेल्या गावांतली म्हातारी माणसं अजून सांगतात की घरं मिळाली, पण शेजार मोडला. त्यामुळं हे काम जपून करायचं असतं एवढं मला कळत होतं, आणि ते माझ्याकडंच येईल असं मी गृहीत धरून बसलो होतो.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की नियोजन ती करेल, मी मदत करायची. नव्या डोमेनची किल्ली, म्हणजे सगळ्या दारांचा मुख्य पासवर्ड, माझ्याकडं राहणार की पुण्याच्या कंपनीकडं जाणार, हे गाव हलवायची पहिली ट्रायल झाल्यावर ठरणार होतं. पुण्याला गेली तर सगळं तिथूनच चालणार. मग माझ्याकडं काय उरणार, तर प्रिंटरची शाई बदलणं आणि कुणाचा माऊस चालत नाही ते बघणं. मालक अगदी सहज बोलून गेले. बाहेर आलो तेव्हा माझे कान तापले होते.

तिला कॉन्फरन्सची खोली मिळाली, एसीची. माझं टेबल सर्व्हरच्या खोलीबाहेरच्या बोळात. तिचा चहा कपबशीतून, माझा कागदी पेल्यातून. मी हे मुद्दाम बघत नव्हतो, पण दिसत होतं. मालक येता-जाता तिला जेवलीस का विचारायचे. तिनं भिंतीवर रंगीत कागद चिकटवून आधी कोण, मग कोण, असा क्रम मांडला होता, आणि तो क्रम बरोबर होता. चुकीचा असता तर मला किती बरं वाटलं असतं.

सगळ्यात जास्त चीड मला तिच्या बोलण्याची यायची. पुण्याला फोन लावला की म्हणायची, ‘मी पाठवते.’ फोन ठेवून शॉपमध्ये, भट्टीकडच्या कामगारांत, गेली की आपल्या कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं, ‘मी येतो की, थांबा जरा.’ दोन्ही तिला शोभायचं. मी पुण्याच्या माणसांशी फोनवर बोललो की माझा आवाज उगीच बारीक होतो आणि मी दर वाक्याला ‘ओके’ म्हणतो. मोल्डिंगवाली माणसं, जी मला बघितलं की आधी तक्रार सांगतात, ती तिला शेंगा देत होती.

घरी मी रोज तिच्यावर घसरायचो. काय ते रंगीत कागद, शाळेत आहे का ही. काय तो लॅपटॉप, पातळ पापडासारखा. बायको भाकरी थापत ऐकून घ्यायची. एका संध्याकाळी म्हणाली, “अहो, तुमच्या पोटात दुखालंय. ओवा देऊ का चिमूटभर?” मी ताटावरून उठलो नाही, भूक होती म्हणून.

आता मला धीर कशाचा होता ते सांगतो. पावण्याचा.

फार पूर्वी एका मोठ्या गिऱ्हाइकाचा अधिकारी आमचं कास्टिंग तपासायला आला होता. त्याला अहवाल छापायचा होता, आणि खातं असल्याशिवाय आमच्या कॉम्प्युटरवर कुणाला बसता येत नव्हतं. त्या वेळचे मॅनेजर ओरडले, पावणं खोळंबल्यात, काहीतरी करा. मी घाईत एक खातं काढलं. नाव दिलं ‘पावणं’ आणि पासवर्ड ठेवला ‘याबसा’. इंग्रजी अक्षरांत, अर्थातच. अधिकारी छापून गेला. खातं राहिलं.

असा पासवर्ड कोल्हापुरात कोण विसरणार? महिन्याभरात डिस्पॅचवाले पावणं म्हणून बसायला लागले. मग वजनकाट्यावरचे, मग लॅबवाले. कुणाचा स्वतःचा पासवर्ड गेला की शेजारचा सांगायचा, कशाला त्या साहेबाकडं जातोस, पावणं टाक. नवा माणूस आला की त्याचंही पावण्यावर भागायचं. पुढं वजनाची पावती आणि गाडीबरोबर जाणारं बिल छापायचं सगळं काम त्या एका खात्यावर येऊन बसलं. कागदोपत्री ते एका दिवसाच्या पाहुण्याचं खातं होतं. खरं बघायला गेलं तर अर्धी फौंड्री पावणं होती.

नियोजन करणाऱ्या शहाण्या माणसाची पहिली पायरी मला ठाऊक होती. जुन्या गावातली ओस पडलेली घरं, उगीच काढलेली खाती आधी वगळायची. पावणं नावाचं खातं बघून कुणीही हेच म्हणेल की हे नको. ट्रायलच्या पहिल्या खेपेत डिस्पॅच आणि वजनकाटा होते. गाड्या काट्यावर अडणार, पावती निघणार नाही, ड्रायव्हर हॉर्न वाजवणार, आणि मालक बोळातून माझ्या टेबलाकडं येणार. ते येताना कसे दिसतील ते मी मनात इतक्यांदा बघितलं होतं की त्यांच्या चपलांचा आवाजही ठरलेला होता. तिनं मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण विचारायला तर हवं. तिनं पावण्याबद्दल एक शब्द काढला नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.

ट्रायलच्या सकाळी मी लवकर आलो, इस्त्रीचा शर्ट घालून. टेबल पुसलं. वजनकाटा माझ्या खिडकीतून दिसतो. पहिली गाडी काट्यावर चढली. मी चहा हातात धरून बसलो, प्यायलो नाही. गाडी थांबली, ड्रायव्हर उतरला, खिडकीशी गेला, आणि हातात पावती घेऊन परत आला. गाडी उतरून गेली. दुसरी चढली. तिचीही पावती निघाली. म्हटलं, काटा चुकून जुन्या गावातच राहिला असेल, डिस्पॅचला अडेल. उठून तिकडं गेलो. डिस्पॅचचा जुना माणूस स्वतःच्या नावाच्या खात्यात बसून बिल छापत होता. माझ्याकडं वळून हसला आणि म्हणाला, “साहेब, आता आमी पावणं न्हाय, घरचं झालो.”

मग कळलं. आधीच्या आठवड्यात ती शॉपमध्ये जाऊन एकेकाशेजारी बसली होती. शेंगा खात, गप्पा मारत, कोण कुठल्या कामाला पावणं वापरतो ते विचारत. प्रत्येकाला ज्याचं त्याचं खातं दिलं, लक्षात राहील असा पासवर्ड ज्याचा त्याला ठरवू दिला, आणि छपाईचं काम त्या खात्यांवर आणलं. मी ती शेंगा खाताना बघितली होती. मला त्यात फक्त शेंगा दिसल्या होत्या.

मालक आले, पण कॉन्फरन्सच्या खोलीकडं गेले. बराच वेळ आत बोलत होते. काचेतून तिचे हात हललेले दिसत होते. मी बोळात बसून ठरवलं की किल्ली गेली. बायकोला काय सांगायचं, हेही ठरवलं.

बाहेर येऊन मालक माझ्या टेबलापाशी थांबले आणि खांद्यावर थाप मारून म्हणाले, “किल्ली तुमच्याकडंच ऱ्हाणार. आमी पुण्याला देणार हुतो, पण ती म्हणाली, पुण्यात बसून फौंड्री कळत न्हाय, इथला माणूस पायजे.”

एवढे दिवस जे हवं होतं ते मिळालं, आणि मला आनंद झाला नाही. झाला, पण अगदी थोडा, आणि त्यावर लगेच काहीतरी आंबट चढलं. माझी किल्ली मला तिनं दिली होती. इतके दिवस मी तिच्या कपबशीचा, एसीचा, सलामाचा हेवा करत होतो. आता तिच्या मोठ्या मनाचाही करावा लागणार होता, आणि ते तर फारच जड होतं.

दुपारी ती लॅपटॉप आवरून निरोप घ्यायला आली. मला राहवलं नाही. विचारलं, पावण्याचं तुला कसं सापडलं, नोंदीत तर ते एका दिवसाचं खातं होतं.

ती सरळ कोल्हापुरीत म्हणाली, “सापडायचं काय त्यात, सर? मी हितं दोन वर्षं पावणंच हुतो की.”

टोमणा नव्हता. ती हसतच बोलली. नवा माणूस आला की त्याला आधी पावण्यावर बसवायचं, खातं मग सावकाश काढायचं, ही माझीच रीत. तिचं काढायचं राहिलं होतं. दोन वर्षं ती माझ्या शेजारी बसून रोज सकाळी ‘याबसा’ टाइप करत होती, आणि मी ते कधी बघितलं नव्हतं.

ती त्यावर थांबली नाही. म्हणाली, अजून काही दिवस पुण्याहून आत येऊन बघावं लागेल, तेवढं माझं खातं काढून ठेवा. किल्ली आता माझ्याकडं होती. नव्या गावात बाहेरच्या माणसाला घ्यायचं की नाही, घेतलं तर कुठल्या दारापर्यंत येऊ द्यायचं, हे मी ठरवायचं होतं. खुर्ची ओढली. सवयीनं बोटांनी ‘पावणं’मधली पहिली अक्षरं टाकलीसुद्धा. खोडली, आणि तिचं नाव टाकलं, पूर्ण, आडनावासकट. पहिल्या दिवसाचा पासवर्ड म्हणून ‘याबसा’ ठेवायला गेलो, तर नव्या सर्व्हरनं तो फार सोपा आहे म्हणून नाकारला. ती मागं उभी राहून हसली. मलाही हसू आलं, आवरलं नाही.

मग कुठली दारं उघडायची त्या अधिकारांच्या चौकटींत खुणा करायच्या होत्या. म्हटलं, आता कंजूषपणा नको, आपणही काही कमी नाही हे दिसू दे, आणि सगळ्या खुणा केल्या. माझ्याइतकेच अधिकार. वळून तिच्याकडं बघितलं, जरा ऐटीतच.

ती वाकली, माऊस हातात घेतला आणि माझ्या खुणांतल्या निम्म्याहून जास्त काढून टाकल्या. कामापुरते पुरेत, म्हणाली, जास्त असले की चूक होते. निळा पट्टा गळ्यातून काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि निघाली. खिडकीतून मी बघत होतो. फाटकावर वॉचमन उठला आणि त्यानं सलाम ठोकला.

संध्याकाळी घरी गेलो. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं किल्ली माझ्याकडंच राहिली. ती खूश झाली, गोड काय करू विचारायला लागली. मी चप्पल काढून पाटावर बसलो आणि म्हटलं, गोड नको, ओवा दे चिमूटभर.