मिलच्या चर्चमधलं आमचं बाक

चर्चमधली जुनी बाकं रविवारी काढणार, खुर्च्या येणार, असं यांच्या एका सोबत्यानं सांगितलं आणि मी शुक्रवारीच उमरेडहून निघाले. हे नागपूरच्या मिलमध्ये सुतार. मिलच्या चाळीत राहत, सुटीला घरी येत. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. "चर्चमधलं एक बाक माझ्या हातचं आहे," हे मी लग्नापासून ऐकलेलं. पाहिलं कधीच नव्हतं.

सकाळच्या एस.टी.त उजवीकडे बसू नका, ऊन लागतं. सोबत नणंद गिरजा होती. स्टँडबाहेर आम्ही चण्याच्या रश्श्याचे पोहे खाल्ले.

"वहिनी, रडून राहिल्या का?"

"रस्सा तिखट आहे वं," मी म्हटलं. तेही खरंच होतं.

सायकलरिक्षाचं भाडं आधीच ठरवा. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपारचा भोंगा वाजत होता. चर्च लाल विटांचं, गोदामासारखं. राखणदार पीटरभाऊ जुने विणकर. ते म्हणाले, "मालकानं कामगारांसाठी बांधलं. विटा मिलच्या, सुतार मिलचे. एकेकानं एकेक बाक करायचं, धरम कोणाचा कोणता, विचारलं नाही. लोक रात्रपाळी करून इथं येत अन् घोरत. म्हणून मालक म्हणे, बाकाची पाठ ताठ ठेवा."

"मग घोरणं थांबलं?"

"नाही बाई. ताठ बसून घोरायले लागले."

बाकं सगळी सारखी, नाव कशावरच नाही. मी पहिल्यापासून एकेकावर बसत निघाले.

"वहिनी, लोक पाहून राहिले."

"पाहू दे."

अकरा बाकं पक्की निघाली. यांनी थाप तर मारली नसेल ना, अशी भीती वाटू लागली. बारावं डावीकडे झुकलं. आमच्या घरचा चौरंग, पाळणा, पाट, सगळ्यांचा डावा पाय आखूडच. काही बोललं की हे म्हणत, "पाय बरोबर आहे. जमीन वाकडी आहे."

पीटरभाऊ कागदाची घडी घेऊन आले. "याच्या पायाखाली ठेवाच लागते. कोण्या येड्यानं केलं, कोण जाणे."

"भाऊ, पाय बरोबर आहे," मी म्हटलं. "तुमची जमीन वाकडी आहे."

गिरजानं तोंडाला पदर लावला. पीटरभाऊंनी एकदा माझ्याकडे, एकदा बाकाकडे पाहिलं आणि हे बाक बाईंना देऊ का, असं फादरना विचारायला गेले. फादर म्हणाले, न्या.

कंडक्टर म्हणाला, "आजी, गाडीत बसायले जागा आहे, घरून बाक काहून आणलं?" शेवटी त्यानंच ते टपावर बांधून दिलं.

बाक आता ओसरीवर आहे. इथंही डावीकडेच झुकतं. काल मी परातीत काठोकाठ पाणी भरून ओसरीवर ठेवून पाहिलं. कुठूनच सांडलं नाही. जमीन अगदी सरळ आहे.

आता हे सांगू कुणाला?